वाट्या बदललेले आप्पा

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची दाट वस्ती आहे, आणि या वस्तीत दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक आप्पा असतात. पाळण्यातलं नाव काहीही असो, गुडघ्याच्या वाट्या बदलून घेतल्या की माणूस आपोआप आप्पा होतो. पूर्वी ते लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करत, नाहीतर टेक्स्टाईल मार्केटात पार्सलांचा हिशेब ठेवत. आता ते पूर्ण वेळ गुडघा हे खातं सांभाळतात. कुणाकडे ऑपरेशनची तारीख निघाल्याचं कळलं की आमंत्रणाची वाट न बघता ते हजर होतात, पायजमा गुडघ्याच्या वर सरकवतात, नडगीपासून मांडीपर्यंतचा उभा व्रण सगळ्यांना नीट दिसेल असा उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, ‘कंई नहीं थाय, भाऊ!’ पुढचं बोलणं अहिराणीत रंगतं आणि खर्चाच्या आकड्यांपाशी मराठीत येतं. आपला गुडघा किती डिग्री वाकतो हे त्यांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा चोख पाठ असतं. आपल्याकडे गुडघे बदलून घेणाऱ्यांत बायका जास्त, पण त्या विषयावर व्याख्यानं देणारे बहुतेक पुरुष, ही गंमत कुणाच्या लक्षात येत नाही. बायकांना घरी परतल्यावर भाकरी टाकायच्या असतात, व्याख्यानाला वेळ कुठून मिळणार?

शिकलेली मुलं-सुना आप्पांना हसतात. डॉक्टर त्यांचं नाव निघताच चष्मा पुसायला घेतात. माझं मत जरा वेगळं आहे. आप्पा हे औषध आहे. प्रश्न एवढाच, की ते जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर. ऑपरेशनच्या आधी आप्पा गुणकारी, नंतर अपायकारक. आधीचं बघू. ओपीडीतल्या पाच-सात मिनिटांत एक्स-रे, तारीख आणि पॅकेज एवढंच मावतं. पेशंटला खरं विचारायचं असतं ते संडासाचं. घरी भारतीय बैठक आहे, मग बसायचं कसं? लिंबायतच्या अरुंद घरातला उभा जिना चढायचा कसा? हॉलमधल्या झोपाळ्यावर बसलेलं चालेल का? पांढऱ्या कोटापुढे हे प्रश्न तोंडातून बाहेर पडत नाहीत. आप्पांपुढे पडतात, आणि त्यांची उत्तरं आप्पांकडे तयार असतात: कमोडची खुर्ची आधीच आणा, पायात अडकणारी पायपुसणी उचला, पहिले काही आठवडे झोपाळा विसरा, आणि जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. साखर ताब्यात आणा, किडका दात असेल तर तो आधीच उरका, रक्त कमी असेल तर वाढवा, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आजपासून सुरू करा, हे डॉक्टरही सांगतात. पण डॉक्टरांनी सांगितलं की तो कागद होतो आणि आप्पांनी सांगितलं की ती धमकी होते. माणूस धमकी जास्त पाळतो.

दुसरं म्हणजे धीर. ऑक्टोबर २००० मध्ये अटलबिहारी वाजपेयींचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. तोवर ‘वाट्या बदलणं’ ही पुष्कळांना ऐकीव भानगड वाटे. देशाचा पंतप्रधान त्यातून उठून पुन्हा कामाला लागलेला लोकांनी टीव्हीवर पाहिला आणि मग पुष्कळांच्या जिवात जीव आला. आप्पा हे गल्लीपुरते वाजपेयी. पुस्तिकेत छापलेला बरा झालेला माणूस कुणाचाच नातेवाईक नसतो. आप्पा भाजी घेऊन जिना चढताना रोज दिसतात.

यावर आक्षेप असा, की हा माणूस आधी येऊनही चुकीचंच सांगणार. सांगतोच. त्यांचा सांधा ‘अमेरिकेचा’ असतो. प्रत्यक्षात तो सुरतेहून मुंबईच्या गाडीने खाली गेलं की लागणाऱ्या वापीचाही असू शकतो, कारण तिथल्या मेरिल कंपनीत गुडघ्याचे सांधे बनतात. ऑपरेशन ‘रोबोटनेच’ केलेलं असतं, सर्जन बहुधा चहा प्यायला गेलेला. खर्चाचा आकडा सांगताना ते सांधा, खोली, औषधं आणि पाहुण्यांचा चहा सगळं एकत्र करतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली होती, हे त्यांच्या गावी नसतं. मात्र सांध्याच्या आयुष्याबद्दल ते चक्क कमी सांगतात. त्यांच्या मते गॅरंटी पंधरा वर्षांची. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या शंभरांतले सुमारे ब्याऐंशी गुडघे पंचवीस वर्षं टिकतात. तेव्हा आक्षेप खरा, पण तो धातू, यंत्र आणि पैशांपुरता. त्या तीन गोष्टी डॉक्टरांना आणि हिशेबाच्या खिडकीवर विचाराव्यात. संडास, जिना आणि भीती एवढं खातं आप्पांकडेच राहू द्यावं.

ऑपरेशन झाल्यावर मात्र दार लावून घ्यावं, कारण आता आप्पा खबर काढायला येतात ते स्वतःचा विक्रम घेऊन. ‘मी तिसऱ्या दिवशी जिना चढलो.’ गुडघ्याआधी माणसाची आठवण बरी होते, आणि ती जरा जास्तच बरी होते. समोरच्या ताईंचा गुडघा ऐंशी डिग्रीवर अडलेला असतो. त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं. या शस्त्रक्रियेनंतर पाचांतला एक पेशंट समाधानी नसतो, असं निरनिराळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे, आणि अवास्तव अपेक्षा हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. त्या अपेक्षा कोण पिकवतं, हे सांगायला नको. शिवाय आप्पा कामालाही लागतात. दुखतंय म्हटल्यावर मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण पायाला वाकलेलंच राहायची सवय होते आणि तो सरळ होईनासा होतो. उशी हवीच असेल तर टाचेखाली. तेलाच्या मालिशचा आग्रह धरतात; पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असलेल्या दिवसांत पाय चोळणं म्हणजे संकटाला हात देणं. चांदनी पडवो हा सुरती सण जवळ असेल तर साखर वाढलेल्या ताईंसाठी घारी या तुपातल्या मिठाईचा डबाही येतो. तुपाने सांधे मऊ राहतात म्हणे. आत आता धातू आणि प्लास्टिक आहे, हे घारीला कोण सांगणार?

यावर कुणी म्हणेल, माणूस आजारी पडल्यावर भेटायला येऊ नका म्हणणं आपल्या रीतीत बसत नाही. भुसावळच्या गाडीने अमळनेरहून लोक येतात, आणि गल्लीतल्या आप्पांना दारातून परत पाठवायचं? परत पाठवू नये. त्यांना काम द्यावं. आयुष्मान कार्डाचे कागद, औषधांच्या दुकानातला हेलपाटा, फिजिओथेरपिस्टला आणणं-सोडणं यात ते रमतात, आणि तेवढा वेळ डिग्रीचा विषय निघत नाही. खरी माहिती हवी असेल तर ती आप्पांच्या मागे, दाराशी चपला काढत उभ्या असलेल्या वहिनींकडे असते. पहिले काही आठवडे रात्रीची झोप कशी उडते, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर कशी राहते, गुडघा महिनोन् महिने कोमट आणि सुजलेला कसा असतो, बर्फाच्या पिशव्या कुणी भरल्या आणि व्यायामाच्या वेळी कोण कुणावर खेकसलं, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. ‘कंई नहीं थाय’ म्हणणारे आप्पा त्यातलं एक अक्षर सांगत नाहीत. तेव्हा तारीख ठरली असेल, तर आप्पांना आधीच्या रविवारीच चहाला बोलवा, आणि वहिनींना सोबत आणल्याशिवाय येऊ नका, असं बजावून सांगा.