अकरावीतलं पिशाच्च

शंभरी ओलांडलेलं पिशाच्च अजून अकरावीत बसत असेल, तर त्याला घाबरायचं की त्याला शिकवणी लावायची? स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट'चा नायक एडवर्ड कलन जन्मला 1901 साली. 1918च्या स्पॅनिश फ्लूत तो मरायला टेकला असताना त्याला पिशाच्च करण्यात आलं आणि त्याचं वय सतरावरच अडकलं. तेव्हापासून हा गडी शाळेत नाव घालतो, पास होतो, गाव बदलतो आणि नव्या शाळेत पुन्हा नाव घालतो. आमच्या किन्हवलीत एकाच इयत्तेत दुसऱ्यांदा बसलेल्या पोराला लग्नाच्या पंगतीतसुद्धा चार शब्द ऐकून घ्यावे लागतात.

पुस्तक पुतणीचं. "काका, वाचाच. रडू येतं." शहापूरला कॉलेजात जाता-येता एसटीच्या गळक्या खिडकीशी बसून वाचल्यामुळे मुळातली पाचेकशे पानं फुगून हजाराची दिसत होती. त्यात पिशाच्च आहे म्हटल्यावर मी मुद्दाम रात्र निवडली. आषाढ, कौलांवर धोधो पाऊस, लाइट गेलेली, उशाला मोबाइलचा टॉर्च. नारायण धारपांची 'लुचाई' मी अशाच रात्री वाचली होती आणि मोरीपर्यंत जायला आईला उठवलं होतं. या पुस्तकात भीती वाटली ती एकदाच, टॉर्चची बॅटरी संपत आली तेव्हा. तोवर नायकाच्या डोळ्यांचा रंग तेवढा समजला होता. तो बदलतो. बदलला की पुन्हा समजावून सांगतात.

उन्हात हे पिशाच्च जळत नाही, चमकतं! दुकानदार गणपतीच्या मूर्तीवर जी चमकी मारतो, तसं. चमकलं की लोकांना कळणार, म्हणून एडवर्ड आणि त्याच्या पिशाच्च कुटुंबानं वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स हे सदा ढगाळ गाव गाठलं. तिथे वर्षाला सुमारे 120 इंच पाऊस. पावसाला तोटा आमच्याकडेही नाही, पण आमचा तो दसऱ्यापर्यंत उरकतो. पुढे भातकापणीच्या उन्हात एडवर्ड खळ्यावर उभा राहिला असता, तर दुसऱ्या दिवशी नारळ-अगरबत्ती घेऊन रांग लागली असती.

आपली भुतं कशी कामाची असतात. चकवा माणसाला रात्रभर एकाच शेतात फिरवतो, गिऱ्हा पाण्यात ओढतो. कुणाला कोंबडं हवं असतं, कुणाला नारळावर भागतं. मुंजा घ्या. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत पोर गेलं, लग्नाची इच्छा राहिली, म्हणून पिंपळावर बसलं. प्रेमकथेला याहून सरळ कारण कुठून आणणार? 2024च्या 'मुंज्या' सिनेमावाल्यांनी ते बरोबर हेरलं. एडवर्डला काय हवंय, ते मात्र मला शेवटपर्यंत उमगलं नाही. तो नायिकेच्या, म्हणजे बेलाच्या खोलीत शिरून रात्र-रात्र तिला झोपलेली बघत बसतो. ही म्हणे ओढ. आमच्याकडे एक तर खिडक्यांना गज. त्यातून शिरलाच, तर आधी कुत्री, मग गस्तीवरची पोरं. प्रेम वगैरे नंतर पोलीस पाटलांपुढे.

लाइट येईना, म्हणून आईला गोष्ट सांगायला घेतली.

"नायक व्होल्वोनं येतो, आई."

"म्हंजी पुन्याच्या शिवनेरीनं?"

"नाही गं, स्वतःची गाडी. पैसेवाले आहेत. त्यांच्यातल्या एकीला भविष्य दिसतं, त्यामुळे शेअर बाजारात कधी बुडत नाहीत."

आई सावरून बसली. "खातात काय?"

"माणूस नाही खात. जनावरांचं रक्त पितात. एडवर्डला डोंगरातला सिंह आवडतो. स्वतःला शाकाहारी म्हणवतात."

"श्रावनात पन पितात?"

श्रावणाबद्दल लेखिकेने काही म्हटलेलं नाही. आईने तोंड फिरवलं. स्थळ तिथेच बारगळलं होतं. चौथ्या भागात एडवर्ड बेलाशी रीतसर लग्न करतो, लग्नाआधी मर्यादा सोडत नाही, असं मी पुढचं पुतणीकडून ऐकलेलं सांगितलं, तेव्हा कुठे "पोरगा वळनाचा हाय" एवढं ती पुटपुटली. कादंबरीभर नसलेलं नाट्य त्या दोन मिनिटांत झालं. खरं तर मेयरबाईंनी एडवर्डला असं कुणाच्या तरी आईपुढे बसवायला हवं होतं. बेलाची आई दूर फिनिक्सला, आणि बाप पोलीसप्रमुख असूनही त्याला आपल्या घरात रोज रात्री कोण शिरतं याचा पत्ता नाही.

"बाप काय करतो पोराचा?" आईचं अजून संपलं नव्हतं.

"मानलेला बाप आहे. डॉक्टर. तोही पिशाच्चच, पण माणसांच्या रक्ताला तोंड लावत नाही. तिथल्या हॉस्पिटलात असतो. ही मंडळी झोपत नाहीत कधी."

"रातचा बी जागा असतो?"

"रात्रभर."

"आनी गावातच ऱ्हातो?"

"गावातच."

आईने पदर डोक्यावरून घेतला. "मंग पोरीला म्हनावं, करून टाक. आनी बापाला इकडं बदली मागायला सांग."