उणे ३२,७६८

घाटघर म्हटलं की निम्मे लोक अकोले तालुक्यातल्या घाटघरला पोचतात आणि तिथला जलविद्युत प्रकल्प बघून परत येतात. मी म्हणतोय ते जुन्नर तालुक्यातलं, जीवधनच्या पायथ्याचं, नाणेघाटाच्या तोंडावरचं. या गावाची उंची, पाऊस आणि भातखाचरं मला एकाच नकाशात हवी होती. तिन्हींचे आकडे मिळतात, पण या तीन जावांचं एकमेकींशी बोलणं नाही.

उंचीचे आकडे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातल्या रडारने टिपलेले. चौकटी एकेका सेकंदाच्या. हा सेकंद घड्याळाचा नव्हे, अंशाचा ३,६०० वा भाग. कागदोपत्री सगळे चौरस. घाटघरच्या जमिनीवर मात्र दक्षिणोत्तर बाजू ३०.७ मीटर आणि पूर्व-पश्चिम २९.२. रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांना खेटत जातात, त्यात आमच्या प्रत्येक चौकटीचा दीड मीटर मारला जातो. न्याय हवा तर अंश सोडून मीटरात यायचं, यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ व्या पट्ट्यात. तिथे अख्खी जाळी किंचित कलंडते आणि प्रत्येक नव्या चौकटीला जुन्या शेजाऱ्यांकडून आकडा मागून आणावा लागतो.

पायथनमध्ये हे काम रास्टरिओ ही लायब्ररी एका ओळीत करते. गोंधळही त्याच ओळीत मावतो. ‘बायलिनिअर’ म्हटलं की ती आसपासच्या चार चौकटींची सरासरी काढते. उंचीला हे चालतं, जमीनवापराला नाही. समजा भाताचा क्रमांक १, तलावाचा २, जंगलाचा ३. भात आणि जंगल यांच्या बांधावर सरासरी काढा: तलाव! एक फावडं न मारता. (अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर गाव थेट नॉर्वेच्या बेअर आयलंडच्या दक्षिणेला समुद्रात पडतं. मग तलावाचीही गरज नाही.)

पण खरी बहार कड्यावर. उभ्या कड्याच्या आडोशाला रडार पोचत नाही. मूळ आकड्यांत अशा जागी उणे ३२,७६८ लिहितात. अर्थ एवढाच, की ठाऊक नाही. हे आगाऊ सांगून ठेवलं नाही तर रास्टरिओ ती उंचीच समजते. तीन शेजारी ८०० मीटरचे, चौथा हा, चौघांना सारखा वाटा: उत्तर उणे ७,५९२ मीटर. नाणेघाटातल्या ‘नानाचा अंगठा’ या कड्याशेजारी समुद्रसपाटीखाली साडेसात किलोमीटर जाणारा खड्डा, कोकणात उतरायची नवी वाट! जवळच लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणं यांचे ब्राह्मी आकडे त्यात कोरलेत. तोही जागोजाग झिजलाय. पण झिजलेल्या जागी उणे गायी धरून कुठल्या पंडिताने बेरीज केल्याचं ऐकिवात नाही.

पावसाची तऱ्हा उलटी. हवामान खात्याची जाळी १९०१ पासूनची, पण पाव अंशाची. घाटघर, घाटाखालचं कोकण आणि पूर्वेचं आपटाळे, सगळे एका चौकटीत. उंचीच्या मापाला आणताना तिचे सुमारे आठ लाख तुकडे पडतात. पावसाची माहिती मात्र थेंबभरही वाढत नाही. नकाशा तेवढा मखमली दिसतो.

घाटघरात ज्यांच्याकडे जेवायला उतरतो त्या मामांना तो दाखवला.

“सर, आमच्या दारात आन् आपटाळ्याला सारखाच पाऊस?”

“सरासरी आहे, मामा.”

“म्हंजे आमचा काढून त्यांना दिला.” त्यांनी भाकरी वाढली. “बरं केलं. त्यांना पायजेच व्हता.”