चार तारा बसून खातात

टाकून देणं हे क्रियापद आमच्या अफजलपूरच्या मामांच्या मराठीत नाही. पोटमाळ्यावर बंद पडलेले तीन चार्जर, डिश अँटेनाची छत्री, जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर आणि केबल टीव्हीची काळी वायर वेटोळं घालून बसलेली असते. मामी दर दिवाळीला भंगारवाल्याचा विषय काढतात. मामांचं उत्तर ठरलेलं. “पडू दे की. खायला मागतं का?”

उभा जन्म तुरीच्या आडतीत दिवाणजी म्हणून गेला, त्यामुळे घरात फायबरचं कनेक्शन आलं ते आधी वहीत आलं, मग भिंतीवर. राउटर बसला सोप्यातल्या कोनाड्यात, दत्ताच्या तसबिरीशेजारी. पण घर जुनं, दोन हात जाडीच्या दगडी भिंतींचं. नेट सोप्यात धो धो, माजघरात ठिबक आणि वरच्या खोलीत, जिथं नातू अभ्यासाला बसतो, तिथं कोरडं ठणठणीत.

मी पुण्याहून आलेला, कॉम्प्युटरवर पोट भरणारा भाचा. ऐटीत सांगून टाकलं, “मामा, मेश राउटरचा सेट घ्या. आठेक हजारात काम होईल.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आठ हजार म्हणजे २०२५-२६च्या हमीभावानं एक क्विंटल तूर.”

यानंतर बोलायला काही उरत नाही.

मामांनी स्वतःची योजना काढली. मी पुण्यात बदललेला जुना राउटर त्यांनी कधीच मागून घेतला होता. राहिली वायर. ती सोलापूरहून आणायची, कारण मामींना तिथं डोळे दाखवायचे होतेच, म्हणजे गाडीभाडं डोळ्यांच्या खात्यावर पडतं. दुकानात त्यांनी ‘कॅट फाइव्ह ई’ हातात तोलून पाहिली. “तांबंच आहे न? मग मीटरवर कशाला, वजनावर लावा की.” चाळीस मीटर वायर मीटरवरच घ्यावी लागली. पण पिना दाबायची पक्कड दोन दिवस उसनी मिळवली, त्याबद्दल मात्र आजही मामांचा चेहरा खुलतो.

वायर सोलण्याचा सोहळा अंगणातल्या शहाबादी फरशीवर झाला. चष्मा कपाळावर, दुसरा चष्मा डोळ्यांवर. आत आठ बारीक तारा, दोन-दोन पिळलेल्या. मामांनी एकेक पीळ सोडवला, शेवई सरळ करावी तशी चिमटीत ओढून सरळ केला आणि रंगांचा क्रम पाढ्यासारखा घोकला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पहिली पिन चुकली. एकदा दाबलेली पिन उघडत नाही, हे मान्य करायला त्यांना अर्धा तास आणि मामींची गोधडीची सुई लागली.

मग त्यांनी सहज विचारलं, “आठही लागतात का रे?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. म्हटलं, “शंभर एमबीपर्यंत चारच लागतात. नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी.”

“मग निळी न तपकिरी काय करतात?”

“काही नाही. हजारचा वेग हवा असेल तर आठही लागतात.”

“आपला प्लॅन कितीचा?”

“चाळीसचा.”

मामांनी पक्कड खाली ठेवली. “म्हणजे चार तारा नुसत्या बसून पगार खातात!”

संध्याकाळपर्यंत एकाच वायरीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन पिना आल्या. एका पिनेत नारिंगी-हिरवी, दुसरीत त्याच जागांवर निळी-तपकिरी. एक वायर, दोन लाइनी. पुस्तकात ही गोष्ट शिष्टसंमत नाही, पण चालते. एक लाइन वरच्या खोलीत गेली. दुसरी कुणाची, ते मामा बोलले नाहीत.

जुना राउटर वर लावला आणि नेट चालू व्हायच्याऐवजी आख्ख्या घराचं गेलं. मी मामांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, “आडतीत दोन दिवाणजी बसलेत. दोघंही पावती फाडतात, आणि एकाच नंबरची पावती दोन शेतकऱ्यांना जाते.”

“एकानंच फाडायची,” मामा ताडकन म्हणाले. माझ्या ऑफिसात हे समजवायला मला फळा लागतो. वरच्या राउटरचं पत्ते वाटणं बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ होता तो शेवटी २ केला, वायर ‘वॅन’च्या नाही, ‘लॅन’च्याच भोकात राहू दिली. नातवाचा व्हिडिओ लागला. मामांनी दोन्ही राउटरना हळदकुंकू लावलं.

तेव्हापासून वळवाचा पहिला गडगडाट झाला की मामा जेवणावरून उठतात आणि सगळ्या पिना उपसून ठेवतात. अंगणातून गेलेली तांब्याची वायर म्हणजे विजेला धाडलेलं आवतण, हे त्यांचं मत मलाही खोडता येत नाही.

नेट चालू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी परसातल्या भिंतीवरून एका मुलीची हाक आली. “अज्जा, नेट बरवल्दु!” नेट येईना म्हणून शेजारची पोर ओरडत होती. बसून खाणाऱ्या चार तारा भिंतीपलीकडं कामाला लागल्या होत्या तर! पोटमाळ्यावरचा आणखी कुठला तरी राउटर तिकडं गेला होता. पाच रुपयांच्या पिनेसाठी सुई घेऊन बसणारा माणूस चाळीसातलं नेट असं वाटत होता. मी तसं म्हणालो, तर मामांनाच नवल वाटलं. “अरे, गाणगापूर आपल्याच तालुक्यात न? दत्तमहाराज दुपारी माधुकरीला येतात तिथं, कुठल्या रूपात येतील सांगता येत नाही. मागणाऱ्याला नाही म्हणायची इथं रीत नाही.” दत्तजयंतीला उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी पासवर्ड दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेला मी नंतर पाहिला.

नेट न येण्याचं कारण अंगणातच सापडलं. मामींना वायरीत फक्त दोरी दिसली होती, आणि तीन ओल्या गोधड्यांनी ती खिडकीतून दीड वीत बाहेर ओढली होती.

निघताना मामा आत पिशवी भरत होते, तेवढ्यात मी वही चाळली. वायर, पिना, पक्कड (उसनी). राउटर: ०. खाली माझं नाव होतं. भाचा, दोन दिवस, मजुरी ०. आणि पुढं बारीक अक्षरात: खायला मागतो.