चौथाईचा परतावा

ज्या मराठी मंडळींचे पूर्वज अठराव्या शतकात नर्मदा ओलांडून माळव्यात आले, त्यांचा हेतू ओंकारेश्वराच्या दर्शनापुरता मर्यादित नव्हता, हे इंदूरच्या राजवाड्यासमोर उभे राहून नाकारण्यात अर्थ नाही. चौथाई म्हणजे शेकडा 25 आणि सरदेशमुखी म्हणजे शेकडा 10, असा खडा हिशेब परमुलखात घोडी नाचवून वसूल करणाऱ्या त्या पुरुषांच्या दप्तरांत ताकिदा असतील, थकबाकीच्या याद्या असतील. परंतु ‘परतावा’ नावाचे सदर त्यांत असल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही. अशा परंपरेत जन्मलेल्या माझ्यावर साता समुद्रांपलीकडील सरकारांकडे, भरलेला कर कृपावंत होऊन परत द्यावा, असे अर्ज लिहिण्याची पाळी यावी, हा नियतीने अडीचशे वर्षे दप्तरात दाबून ठेवलेला आणि अखेरीस निकाली काढलेला एखादा जुना तंटा असला पाहिजे.

हकीकत अशी. पीथमपूरला वॉल्व्ह तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्याचा जमाखर्च मी पाहतो. जून 2018 मध्ये फ्रँकफुर्टला ‘आखेमा’ नावाचे रासायनिक यंत्रसामग्रीचे प्रचंड प्रदर्शन भरले, तेव्हा आमचे शेठजी तिकडे निघाले आणि इंग्रजी कागद वाचणारा इसम म्हणून त्यांनी मलाही बरोबर घेतले. परतताना लंडनला तीन रात्री मुक्काम झाला. प्रवास सुखाचा झाला; पुढे जे घडले, ते घरी परतल्यावर पावत्यांची पिशवी उघडल्यापासून.

फ्रँकफुर्टच्या हॉटेलच्या बिलावर एकाच माणसाच्या एकाच रात्रीचे दोन भाग पाडून झोपेवर शेकडा 7 आणि सकाळच्या न्याहारीवर शेकडा 19 असा कर लावलेला होता. निद्रा ही गरज आणि न्याहारी हा विलास, हा त्यामागील जर्मन तत्त्वविचार मला कळला. परंतु जन्मभर छप्पन दुकानावर उभ्याउभ्या पोहे-जिलबी खाल्लेल्या आणि त्या न्याहारीत पाव-लोण्यापलीकडे कशालाही न शिवलेल्या शेठजींना तो कळवण्याचे धैर्य मला झाले नाही. एवढ्यात त्यांच्या कोणा व्यापारी स्नेह्याने, धंद्याच्या कामासाठी परदेशात केलेल्या खर्चावरचा कर परत मिळतो, अशी वार्ता आणली आणि शेठजी म्हणाले, “अपना पैसा है भिया, छोड़ना क्यों?” या प्रश्नाला उत्तर देणारा हिशेबनीस अद्याप जन्माला यावयाचा आहे.

वार्ता खोटी नव्हती. युरोपीय समुदायाने 17 नोव्हेंबर 1986 रोजी काढलेल्या तेराव्या निर्देशान्वये समुदायाबाहेरील व्यापाऱ्यालाही असा कर परत मागता येतो; आणि इंग्लंडही तेव्हा त्याच कुटुंबात, वेगळे बिऱ्हाड करण्याच्या गोष्टी बोलत का होईना, नांदत होते. या परताव्यासाठी इंग्लंडचे वर्ष 1 जुलैला सुरू होऊन 30 जूनला संपते आणि त्यापुढे अर्जाला 31 डिसेंबरपर्यंत मुदत असते. अर्जासोबत मूळ पावत्या हव्यात आणि अर्जदार खरोखरच व्यापारी आहे, असा त्याच्या स्वतःच्या सरकारचा दाखलाही हवा.

पावत्यांतून सुरुवातीलाच एक मोठी पावती गळाली. लंडनच्या एका गिऱ्हाइकाला शेठजींनी आग्रह करकरून जेवू घातले होते. परंतु पाहुणचारावरचा कर परत मिळत नाही, असा तिकडचा नियम. “मेहमान को खिलाया, वो धंधा नहीं?” असे शेठजींनी ज्या व्यथित स्वराने विचारले, त्या स्वरात माळव्याची अवघी संस्कृती दुखावलेली होती.

दाखल्याची कथा निराळी. ज्या कार्यालयात मी तो मागावयास गेलो, तेथील सद्गृहस्थांनी विलायतेचा नमुना उलटसुलट पाहून, असा दाखला आजवर कोणी मागितला नसल्याने तो देता येत नाही, आणि आजवर कोणाला दिलेला नसल्याने मागताही येत नाही, असा निर्वाळा दिला. चौथ्या खेपेस, केवळ माझे तोंड पुन्हा पाहावे लागू नये या उदात्त हेतूने, त्यांनी शिक्का उमटवला.

जर्मनीचे प्रकरण मात्र अर्ज लिहिण्यापूर्वीच निकालात निघाले. त्या तेराव्या निर्देशात एक खोच आहे: अर्जदाराचे सरकार आपल्या व्यापाऱ्यांना तशीच सवलत देत नसेल, तर परतावा नाकारण्याची मोकळीक सभासद राष्ट्रांना आहे. जर्मनीने अशा परस्परता नसलेल्या देशांची यादीच केली आहे आणि तीत भारताचे नाव आहे. मला क्षणभर राग आला. परंतु दुसऱ्याच क्षणी इंदूरच्या हॉटेलात उतरलेला, बिलावरचा आमचा वस्तू व सेवा कर मुकाट्याने भरणारा आणि तो परत मागण्यासाठी कोणते दार ठोठावावे हे न उमगलेला एक जर्मन हिशेबनीस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. परदेशी पर्यटकाने बरोबर नेलेल्या मालावरील कर परत देण्याची तरतूद आमच्या 2017 च्या कायद्याच्या कलम 15 मध्ये छापलेली होती खरी. पण छापील कलम आणि अमलात आलेले कलम यांत, मुहूर्त धरलेले लग्न आणि लागलेले लग्न यांत असते तेवढे अंतर असते. जर्मनांचा न्याय जशास तसा होता, आणि पहिला ‘जसा’ आम्ही होतो.

पुढच्या उन्हाळ्यात लंडनहून 62 पौंड आले. त्यांचे सुमारे साडेपाच हजार रुपये झाले. त्यांतून कुरियरचे एकोणीसशे, दाखल्याच्या चार खेपांचे रिक्षाभाडे आणि बँकेची 500 रुपयांची आकारणी वजा जाता उरले ते शेठजींनी दोनदा मोजले. बँकेच्या आकारणीवर आपल्या सरकारने शेकडा 18 प्रमाणे 90 रुपये कर घेतला होता. त्यावर त्यांनी बोट ठेवले, तेव्हा हे मात्र पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात, दाखल्यावाचून आणि कुरियरवाचून, आपोआप वळते होतील, असे मी सांगितले. आयुष्यात प्रथमच त्यांच्या मुद्रेवर स्वदेशी करपद्धतीविषयी कौतुक उमटलेले मला दिसले.

राहता राहिला प्रश्न त्या 62 पौंडांचा. ते वहीत कोणत्या सदराखाली लिहावेत, असे त्यांनी विचारले. मी थोडा विचार केला, अंगरख्याच्या नसलेल्या बाह्या सावरल्या आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘परमुलखातून वसूल’.