आधी नियम ठरू देत

प्रत्येक आळीत असा एक तरी असतोच. कॅरमवर पावडर पडलेली असते, सोंगट्या लागलेल्या असतात, पहिला फटका मारायला कुणीतरी बोट वाकवलेलं असतं, आणि हा हात वर करतो, "थांबा. राणी घेतली आणि कव्हर नाही पडलं तर काय, ते आधी ठरू देत." चार मतं पडतात. चहा येतो. दिवेलागण होते. क्रिकेट असेल तर एक टप्पा झेल बाद का, आणि टप्पा गटाराच्या झाकणावर पडला तर तो टप्पा धरायचा का, हा प्रश्न याचाच. शिमग्यात पालखी पहिली कुणाच्या खांद्यावर, या बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर उठणाराही हाच. याला खेळायचं नसतं असं नाही. खेळ बिघडू नये याची त्याला इतकी काळजी असते की तो सुरूच होत नाही, एवढंच.

आमच्या खेडात या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे आबा. उभी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. तालुक्यातले निम्मे बांध त्यांच्या साखळीखालून गेलेले, आणि उरलेल्या निम्म्यांचे दावे अजून चालू. अशा माणसाला निवृत्तीनंतर देवळात जा, भजनी मंडळात बसा, असं सांगून चालत नाही. त्यातून इंग्लंडातल्या भाच्याने सुट्टीला येताना प्लास्टिकच्या इंचभर उंचीच्या शिपायांची खोकी आणली आणि सहज सांगून गेला की मामा, तिकडे पिकल्या केसांची माणसं नेपोलियनच्या लढाया टेबलावर पुन्हा लढतात. एक शिपाई म्हणजे वीस माणसं धरायची, फासे टाकायचे, आणि कोण किती सरकलं ते टेपने मोजायचं.

'टेपने' हा शब्द ऐकून आबा खुर्चीत सरळ बसले.

त्यांनी पडवीत प्लायवूडची दोन फळकुटं जोडून टेबल केलं. नेपोलियनला मात्र पहिल्याच दिवशी रजा दिली. "त्याचा आपला काय संबंध? आपली लढाई असई." जालना जिल्ह्यातलं असई, २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा, दुसरीकडे आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे १८१५ साली वॉटर्लूवर नेपोलियनला धूळ चारणारा वेलिंग्टन. तुमची सगळ्यांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारलं की तो वॉटर्लूचं नाही, असईचं नाव घ्यायचा म्हणतात. त्याची माणसं सुमारे सात हजार. त्यातली १५८४ ठार, जखमी वा बेपत्ता झाली. हा आकडा आबा दोन्ही हातांनी सांगतात. "जिंकला, पण कसा जिंकला ते बघा!"

आता हिशेब. विसास एक या प्रमाणाने वेलस्लीचे साडेतीनशे शिपाई लागतात. ते खोक्यांतून निघाले. शिंद्यांच्या पदरी पोलमन नावाचा जर्मन होता. त्याच्या हाताखाली कवायती पायदळ दहा हजार आठशे, म्हणजे पाचशे चाळीस नग. तेवढे मराठे खोक्यात कोण देतो? मग पायदळाला चिंचोके आले. घोडदळ तीस हजारांच्या पुढचं. त्याला दीड हजार काजूच्या बिया, सालासकट. आठ-नऊ किलोंचं ते घोडदळ पोत्यातून पडवीत आलं तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. पण पुढे मुंबईचे पाहुणे अवचित आले त्या रात्री मागच्या अंगणात काही भाजल्याचा वास सुटला, आणि दुसऱ्या दिवशीच्या मोजणीत भोसल्यांचं घोडदळ दोनशेने कमी भरलं. आबांनी ते वहीत 'फितुरी' या सदरात लिहिलं.

सैन्य झालं, मग नियमांची पाळी. भाच्याने छापून पाठवलेल्या नियमपुस्तकांची कपाटात चळत आहे, आणि गोम अशी की एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. 'जनरल द ब्रिगाद' वाला विसास एक म्हणतो आणि पलटणीपलटणीचा हिशेब मागतो. 'ब्ल्यूखर' वाला अख्खी ब्रिगेड एक नग मानतो. शिपाई नसले तरी चालतील, पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर लढा म्हणतो. आबांनी हिशेब केला, तेव्हा असई एका संध्याकाळी आटोपत होती. पुस्तक तिथेच मिटलं. "संध्याकाळी आटोपायला ही काय सत्यनारायणाची पूजा आहे?"

'ब्लॅक पावडर' मात्र त्यांना काही दिवस फार आवडलं. त्यात सेनापतीने हुकूम मोठ्याने बोलून दाखवायचा. अमुक पलटण नाला ओलांडून त्या झाडीपाशी जाईल, असा. मग दोन फासे टाकायचे. बेरीज सेनापतीच्या कुवतीच्या आत आली तर पलटण हलते. जितकी कमी, तितक्या जास्त चाली, तीनपर्यंत. बेरीज वर गेली तर पलटण ढिम्म. आणि दोन्ही फाशांवर सहा आले तर ती भलतीकडेच जाते. भाई मेडिकलवाले म्हणाले, "आबा, यात खेळ कसला? हे तर आपल्या घरात रोजच चालतं." आबांना तो शेरा लागला असावा. हुकूम सोडून पलटण न हलणं हे इंग्रजांना ठीक, पण शिंद्यांच्या कवायती पायदळाला नाही, असा निकाल देऊन तेही पुस्तक कपाटात गेलं.

मोजणीचा माणूस प्रमाणावर येऊन अडणारच. एका वारास एक मिलिमीटर धरला तर असईची मैलभर आघाडी पावणेदोन मीटरमध्ये बसते, टेबलात छान मावते. आबा खूश झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे दचकून उठले. शिपाई इंचभर उंचीचा, म्हणजे त्या प्रमाणात पंचवीस वार उंच! "हा शिपाई नाही, मोबाइलचा टॉवर आहे," ते म्हणाले. भाच्याला फोन गेला. तो म्हणाला, मामा, तिकडेही असंच असतं, माणसाचं माप वेगळं आणि जमिनीचं वेगळं, कुणी मनावर घेत नाही. "म्हणून त्यांचं साम्राज्य गेलं," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

फाशांचंही सरळ झालं नाही. नेहमीच्या फाशावर एक आणि सहा येतात, म्हणजे नशिबाला फार वाव. तिकडे एक सरासरी फासा मिळतो, त्याच्या बाजूंवर दोन, तीन, तीन, चार, चार आणि पाच. फार वाईट नाही, फार बरं नाही. आबांनी तो मागवला, हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हा फासा सरकारी नोकरीत असणार." स्वतः त्या नोकरीतले असल्यामुळे हे बोलायचा त्यांना अधिकार होता.

खरी अडचण मात्र असईनेच करून ठेवली आहे. वेलस्लीला वाटाडे सांगत होते की कैलना नदीला इथे उतार नाही. त्याने पाहिलं, नदीच्या अल्याड एक गाव, पल्याड समोरासमोर दुसरं. दोन गावं अशी बसली आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच, असा तर्क करून त्याने फौज पाण्यात घातली, आणि उतार निघाला. आता हा तर्क कुठल्या फाशात बसवायचा? आणि सप्टेंबरातली नदी! आबांचा जन्म जगबुडी नदीच्या काठचा. नदी म्हणजे निळ्या कागदाची पट्टी हे त्यांना पटणंच शक्य नाही. त्यांनी कैलनेला इशारा पातळी आणि धोका पातळी लावली, वरच्या अंगाला पाऊस किती झाला याचा तक्ता केला. त्या तक्त्याप्रमाणे पहिल्या तिन्ही चाचण्यांत वेलस्ली वाहून गेला. भाई टाळ्या वाजवायला लागले. आबांनी खिन्नपणे तक्ता फाडला. "असं जिंकण्यात अर्थ नाही. पूर हा आपला गुण नव्हे."

त्यांना खरी गोडी तोफांची. शिंद्यांचा तोफखाना इंग्रजांच्या तोडीस तोड, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. आपले गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले. इंग्रजांची रांग त्यांना ओलांडून पुढे गेली, आणि मग उठून यांनी त्याच तोफा मागे वळवून पाठीत डागल्या. हे सांगताना आबा स्वतः पडवीत आडवे होऊन दाखवतात. आणि सगळी नियमपुस्तकं म्हणतात की मेलेला नग टेबलावरून उचलावा! "उचलला तर उठणार कसा?" याला कुणाकडेच उत्तर नाही. त्यासाठी ते एकदा रसाळगडावर जाऊन तिथल्या तोफांच्या तोंडाला टेप लावून आले. त्यातून उत्तर काही मिळालं नाही. पण मापं वहीत आहेत.

शेवटी आम्हीच आग्रह धरला आणि एका रविवारी चाचणी ठरली. तिथे निराळाच पेच. इंग्रज कोण होणार? भाई म्हणाले, "मी नाही. इतिहासात हरलो ते हरलो, खेडात नाही हरणार." लोटे गावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते. ते म्हणाले, मी इंग्रज व्हायला तयार आहे, पण जिंकणार नाही. शिंदे आणि भोसल्यांच्या कामाला आळीतली दोन मुलं घेतली. लढाईला तोंड लागायच्या सुमारास हे दोघे सरदार मैदान सोडून गेले, असा इतिहास आहे. मुलांना तो नीट समजावला. दुसऱ्या चालीला दोघंही इमानदारीने उठली आणि वडापाव खायला गेली, ती परत आलीच नाहीत. त्या दिवशी नियमाबरहुकूम झालेली गोष्ट तेवढी एकच. बाकी वेळ पोलमनची आघाडी नव्वद अंशांत वळवायला किती चाली लागाव्यात यावर गेला. साहेबांना चार वाटत होत्या, आबांना एक. मग आबांनी मोजणीचं प्लेन टेबल काढलं.

मी त्यांना एकदा सुचवलं की हे सगळं इतरांनाही नडलेलं आहे. प्रशियाच्या धाकट्या राइसविट्झने १८२४ साली युद्धखेळाचे नियम छापले. पुढे अधिकारी त्या तक्त्यांना इतके कंटाळले की १८७६ साली वेर्डी दु व्हेर्नुआने तक्ते बाजूला सारले आणि अनुभवी पंच सांगेल तो निकाल, असं ठरवलं. आपणही पंच नेमू. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पंच नेमायचा," ते म्हणाले, "म्हणजे पात्रता आली, मुदत आली, अपील आलं." वहीचं नवं पान उलटलं गेलं. ते पान माझ्या नावावर आहे, असं काकू अजून ऐकवतात.

काकूंनीच मग एकदा खरं सांगितलं. आबा आत आंघोळीला गेले होते. "अहो, रात्री सगळे झोपले की हे एकटे बसतात. एकेक पुस्तक घेऊन, दोन्ही बाजूंचे फासे स्वतःच टाकून सगळी लढाई लढतात. दर खेपेला इंग्रज जिंकतो. मग पुस्तक मिटतात, आणि सकाळी तुम्हाला सांगतात की यात त्रुटी आहेत."

आमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आबांना मोबाइलचा टॉवर नडत नव्हता, की सरासरी फासा. आबा अशा नियमांच्या शोधात होते की ज्यांत लबाडी कणभर नसेल, मोजमाप चोख असेल, कोर्टात टिकेल, आणि शिंदे जिंकतील. असा नियम सापडेपर्यंत लढाई तहकूब. कोकणात याला कुणी वेडं म्हणणार नाही. बांधाचे दावे लोक तीन पिढ्या चालवतात ते याच आशेवर.

दिवाळीच्या आधी आळीतल्या पोरांनी किल्ला केला. जांभ्याचे तुकडे, लाल माती, नाचणी पेरून उगवलेली हिरवळ, बाजारातून आणलेले मातीचे मावळे आणि वर सिंहासनावर महाराज. तयारी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की लढायला समोर कुणी नाही. सगळी टोळी पडवीत आली.

"आबा, दिवाळीपुरते शत्रू द्या ना."

"कसले शत्रू? हे १८०३ सालचे आहेत रे. तुमचे मावळे सव्वाशे वर्षं आधीचे."

"चालतील."

काकूंनी आबांच्या उत्तराची वाट न बघता इंग्रजांचं खोकं पोरांच्या हातात दिलं. आबा वही घेऊन मागोमाग गेले. किल्ल्याच्या पायथ्याशी साडेतीनशे लाल डगलेवाले उभे राहिले. पोरांनी गोट्या काढल्या. बुरुजामागून गोटी मारायची, पडला तो मेला. नियम एवढाच. माझ्या मनात आलं, १९१३ साली एच. जी. वेल्सने याहून फार वेगळं काही सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे गोट्यांऐवजी स्प्रिंगची तोफ होती, इतकंच. आबांशी हे बोलायची ती वेळ नव्हती. ते उकिडवे बसून बघत होते. डावी बगल कोसळली. मग घोडेस्वार. एक मातीचा मावळा फुटला, तो पोरांनी 'जखमी' म्हणून डिंकाच्या बाटलीजवळ नेऊन ठेवला. दहा मिनिटांत वेलस्ली एकटा उरला, आणि त्याला तर शिंद्यांच्या कामावरून वडापावला गेलेल्या त्याच पोराने लोळवला.

आबांनी चष्मा पुसला. "या नियमांत दम आहे," ते म्हणाले. मग टेप काढला आणि त्या पोराला जवळ बसवून घेतलं. "आता मला सांग. पडला म्हणजे किती कलला की पडला? भिंतीला टेकून राहिला तर?"

पोराने विचार केला. "टेकला तर अर्धा मेला."

"अर्धा," आबांनी लिहिलं. "आणि पुढच्या गोटीला?"

"ते उद्या बघू. उद्या वेगळे नियम असतात."

आबांनी त्याच्याकडे एकवार रोखून पाहिलं, आणि पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली.