बापूमामांचं सेटिंग

बापूमामांना नव्याचं वावडं आहे, असं कुणी म्हणू नये. बार्शीत पहिला ड्रोन कुणी उडवला यावर दोन-तीन स्टुडिओवाल्यांचा वाद आहे, आणि त्यातले एक दावेदार आमचे मामा आहेत. कॅमेरा ते दर तीन वर्षांनी बदलतात. स्टुडिओतल्या पडद्यावर एकेकाळी काश्मीर होतं, मग स्वित्झर्लंड आलं, आता नुसता राखाडी कागद आहे. मामांनी मिशीसुद्धा बदलली. बदललं नाही ते एकच. फोटोशॉप सात.

हे सात नंबरचं फोटोशॉप २००२ साली निघालं. मामांकडे ते सीडीवरून आलं, आणि सीडी कुठून आली हे विचारायचं नसतं. त्यानंतर जगात फोटोशॉपच्या कितीतरी आवृत्त्या येऊन गेल्या. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४मध्ये विंडोज एक्सपीची साथ सोडली, मामांनी सोडली नाही. मी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करतो, म्हणजे जगातली कुठलीही वायरची वस्तू मला दुरुस्त करता येते, अशी आमच्या घरात समजूत आहे. त्यामुळे दर दिवाळीला मी म्हणायचो, "मामा, आता नवीन टाकू या." आणि दर दिवाळीला मामा चकली मोडत म्हणायचे, "आणि माझं सेटिंग?"

सेटिंग हा शब्द मामा ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात लोक 'वडिलोपार्जित जमीन' म्हणतात.

अर्थात, त्यात तथ्य होतं. बायकांचा मिसळणाचा डबा असतो ना, कुठल्या वाटीत धने आणि कुठल्या वाटीत जिरे हे घरच्या बाईलाच ठाऊक, तसं मामांचं फोटोशॉप. त्यात त्यांचे ब्रश, त्यांच्या चौकटी, त्यांच्या सोनेरी छटा. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या ॲक्शन. एकदा केलेलं काम टप्प्याटप्प्याने नोंदवून ठेवायचं आणि पुढे एका बटणावर करवून घ्यायचं, ही सोय फोटोशॉपमध्ये १९९६पासून आहे. मामांनी तिचं सोनं केलं. एफ-२ दाबलं की पासपोर्ट: फोटो कापला जातो, काळी रेघ येते, चार बाय सहाच्या कागदावर आठ प्रती बसतात. एफ-७ म्हणजे 'कैलासवासी': मागे निळं आभाळ, डोक्याभोवती मंद प्रकाश, गळ्यात चंदनाचा हार. घरचे लोक डोळे पुसेपर्यंत फोटो तयार.

आणि एफ-५ म्हणजे 'नवरी'. खरं तर त्या यादीत 'नवरी', 'नवरी नवीन', 'नवरी फायनल' आणि 'नवरी फायनल खरी' अशा चार होत्या. शेवटचीच चालायची. तिने सावळी मुलगी दोन सेकंदांत गव्हाळ आणि गव्हाळ मुलगी ट्यूबलाइट व्हायची. मला ते कधीच पटलं नाही. मी तसं बोललोही. मामा म्हणाले, "अरे, मला कुठं पटतंय? पण सासू अल्बम उघडती तेव्हा तू असतोस का तिथं?"

पण मामांचा सगळ्यात लाडका माल म्हणजे एक प्लगइन. जोडप्याच्या पायाखाली पाणी आणून त्यात त्यांचं हलतं प्रतिबिंब पाडणारं. बार्शी म्हणजे पावसाने कायम हूल दिलेला टापू. एका वर्षी टँकरच्या पाण्यावर लग्नं लागली, पण बारा बाय छत्तीसच्या अल्बमात मामांनी प्रत्येक जोडपं गुडघाभर पाण्यात उभं केलं.

या संपत्तीला मामा जिवापाड जपायचे. लोडशेडिंगच्या दिवसांत त्यांना एक धडा मिळाला होता. फोटोशॉप ॲक्शनची यादी जागच्या जागी नाही, नीट बंद होताना डिस्कवर लिहून ठेवतं. मामांनी दुपारभर खपून एक ॲक्शन बनवली, चार वाजता वीज गेली, आणि ॲक्शन विजेबरोबर गेली. वीज परत आली, ॲक्शन आली नाही. तेव्हापासून नवीन काही बनवलं की मामा फोटोशॉप बंद करतात, देवाला हात जोडतात आणि परत उघडतात. यातला मधला टप्पा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नाही.

शेवटी मामांना हलवलं ते मेमरीने. नव्या कॅमेऱ्याचे अगडबंब फोटो अल्बमच्या पानावर टाकले की जुनं फोटोशॉप घामाघूम व्हायचं. त्याला दोन जीबीच्या वर मेमरी वापरताच येत नाही. वाड्याला आठ खोल्या आणि म्हातारा ओसरीवरच झोपतोय, अशातली गत. ऐन लग्नसराईत तीन वेळा पान हँग झालं आणि मामांचा फोन आला, "ये बाबा. पण एक बी गोष्ट हरवली तर तू माझा भाचा न्हाईस."

गेलो. नव्या कॉम्प्युटरवर नवं फोटोशॉप रीतसर वर्गणी भरून घेतलं. मामांनी पावती लॅमिनेट केली. मग घर हलवायला काढलं. ॲक्शन नव्या घरी न्यायच्या तर आधी फाइल म्हणून सेव्ह कराव्या लागतात, आणि तो पर्याय फिकट दिसत होता. मामांचा चेहराही. कारण साधं असतं: एकटी ॲक्शन निवडून चालत नाही, तिचं आख्खं फोल्डर निवडावं लागतं. घरातला एकच माणूस नेता येत नाही, कुटुंब न्यावं लागतं. हे मामांना लगेच पटलं. ब्रश, छटा, नक्षी सगळं आलं. शिवाजी फॉन्ट आला. दोन तासांत मिसळणाचा डबा न सांडता पोहोचला, आणि मी चहा मागवला.

मग मामांनी एफ-५ दाबलं. पडद्यावर चौकट उमटली: ही आज्ञा सध्या उपलब्ध नाही.

"सध्या म्हणजे?" मामा म्हणाले. "जेवायला गेलीया का?"

ॲक्शन उलगडून बघावी लागली. नावाशेजारचा बारीक त्रिकोण दाबला की आतले टप्पे दिसतात. मामांनी तो इतक्या वर्षांत दाबला नव्हता. 'नवरी फायनल खरी'मध्ये एकेचाळीस टप्पे निघाले. सहाव्या टप्प्यावर उजेड दहाने वाढवलेला, सातव्यावर दहानेच कमी केलेला. एकोणिसाव्यावर फोटो उलटा करून विसाव्यावर सुलटा. आणि चाळिसाव्यावर प्रत्येक नवरीची एक प्रत ई ड्राइव्हवर '२००९ शुभविवाह' या फोल्डरात एकाच नावाने सेव्ह होत होती. म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या नवऱ्या इतकी वर्षं त्या एका फाइलीत एकीवर एक नांदत होत्या. नव्या कॉम्प्युटरला ई ड्राइव्हच नव्हता. मामा बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिले. आपलीच कुंडली दुसऱ्या कुणी वाचून दाखवावी तसे. मग हळूच म्हणाले, "उलटा-सुलटा राहू दे. त्यानं बरं वाटतं."

चाळिसावा टप्पा काढला. एफ-५ चाललं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाइकापुढे मामांची एक अदा आहे. जुन्या फोटोशॉपमध्ये कंट्रोल झेड दाबलं की शेवटचा बदल जातो, परत दाबलं की येतो. मामा ते तबल्यासारखं वाजवतात: आधी, नंतर, आधी, नंतर. गिऱ्हाईक खूश. पण २०१८च्या शरद ऋतूत आलेल्या आवृत्तीपासून तेच बटण प्रत्येक वेळी एकेक पाऊल मागे जातं. मामांनी सवयीने सहा वेळा वाजवलं. सहाव्या थापेला मेकअप गेला, सोनेरी छटा गेली, मागचा महाल गेला आणि नवरी एकटी मंडपाच्या कनातीपुढे उभी राहिली. गिऱ्हाईक म्हणालं, "ही पण चांगलीय की." मामांनी ते ऐकलं नाही.

प्रमाणात लहान-मोठं करताना शिफ्ट धरायची, ही दुसरी सवय. नव्यात ती उलटी झाली आहे: न धरता प्रमाण राहतं, धरली की बिघडतं. त्या संध्याकाळी एका काटकुळ्या नवरदेवाने पोळ्याच्या बैलासारखं अंग धरलं. दोन्हींवर उपाय आहे. शॉर्टकटच्या खिडकीत जुन्या पद्धतीचं अनडू आणि प्रेफरन्सेसमध्ये जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्म, अशा दोन खुणा करून फोटोशॉप बंद करून उघडायचं. मामांनी मधे हात जोडले.

नव्याचा एक मोठेपणा मात्र त्यांनी मान्य केला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं नाव जुन्यात चिकटवलं की जोडाक्षरं फुटायची आणि वेलांटी दुसऱ्याच अक्षराच्या घरी जाऊन बसायची. नव्यात भारतीय लिप्यांचा पर्याय निवडला की 'चि. सौ. कां.' सगळं जागच्या जागी.

राहिलं पाणी. ते प्लगइन बत्तीस बिटचं, नवं फोटोशॉप चौसष्ट बिटचं. फोल्डरात ठेवून बघितलं, परत ठेवून बघितलं. ते मेनूत दिसलंच नाही. दिसणार नाही हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण मामांना सांगायचं धाडस होत नव्हतं. सांगितलं. मामा उठले, जुना कॉम्प्युटर पुसला, स्टुलावर ठेवला आणि त्याची वायर परत जोडली.

तो अजून तिथंच आहे. बार्शीला भगवंताच्या दर्शनाला गेलात आणि जोडीने फोटो काढावासा वाटला, तर जरूर जा. घाईत असाल तर नव्या मशीनवर दहा मिनिटांत मिळेल. पाण्यात उभं राहायचं असेल तर अर्धा तास थांबा; जुनं मशीन सुरू व्हायला वेळ घेतं.