खाली काय आहे?

स्थळ आलं, की बेळगावकडची जुनी माणसं आधी कुळी विचारतात, मुलाचा पगार नंतर. ओरॅकलकाका तिकडचेच. बेंगळुरूत तीस वर्षं झाली, पीण्यातल्या एका कारखान्याचा डेटाबेस सांभाळतात, पण खोड गेलेली नाही. कुठलंही सॉफ्टवेअर दाखवा, पडद्याकडे बघायचेच नाहीत. "ते रंगीत राहू दे. खाली काय आहे?"

खाली ओरॅकल कंपनीचा डेटाबेस नसेल, तर पत्रिका जुळत नाही!

पूर्वी एकदा मालकांनी फुकटातल्या ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हट्ट धरला. काकांनी लगेच कंपिएर सुचवलं. ओपन सोर्स, दमडी द्यायची नाही. आठवड्याने कळलं, की ते चालायला ओरॅकल लागतं. एंटरप्राइझ एडिशनचा छापील भाव आज प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर, वर दरसाल २२ टक्के सपोर्ट. म्हणजे नवरदेव हुंडा न घेणारा, मानपान मात्र प्रोसेसर मोजून! बऱ्याच ठिकाणी घोडं इथेच पेंड खायचं. २००६ मध्ये कंपिएरमधून फुटून निघालेल्या अडेंपिएरने पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसची सोय केली, पण तोवर मालक एक्सेलवर परतले होते.

मग कारखान्यात एक तरुण पोरगा आला. त्याने मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट आणलं.

"खाली काय?"

"मारियाडीबी, काका."

"ही कोण बाई रे आणि?"

पोराने सगळी कुळकथा सांगितली. फिनलंडच्या मॉंटी विडेनियसने थोरल्या लेकीच्या नावाने मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर काढलं. २००८ मध्ये ते सन कंपनीने १०० कोटी डॉलरला घेतलं, आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेलं. त्याआधीच मॉंटीने त्याच्यातूनच नवं काढून धाकटीचं नाव दिलं, मारिया.

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे थोरली आमच्याच घरी दिलीय की!"

तरी होकार नाही. "रात्री अडीचला बसलं, तर उठवायचं कुणाला?" हा प्रश्न मात्र लाखाचा. फुकट सॉफ्टवेअर नको म्हणणाऱ्या निम्म्या मालकांच्या पोटात हीच भीती असते, असं माझं मत. पोराने उत्तर दिलं नाही. बाय-टू कॉफी मागवली, चाचणीच्या मशीनवरचा सगळा डेटाबेस काकांदेखत उडवला आणि रात्रीच्या बॅकअपवरून परत उभा केला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून शेवटच्या बिलाचा नंबर वहीशी बोटाने ताडून पाहिला. मग पुन्हा एकदा ताडला. तोवर कॉफीवर साय धरली होती.

"धाकटी चालेल," म्हणाले.

आता मारियाडीबीचं बॅकअप काका स्वतः तपासतात, रोज. आयुधपूजेला तिच्या मशीनसमोर कोहळा फोडतात. झेंडूचा हार मात्र कोपऱ्यातल्या ओरॅकलच्या जुन्या सर्व्हरला. त्याची वायर काढून दोन वर्षं झाली.